सासूबाईंचं चौथं दार

१

त्या विमानाला कागदोपत्री आकड्यांचं एक लांबलचक नाव होतं, पण विमानतळावर झाडू मारणाऱ्यांपासून स्टेशन मॅनेजर साहेबांपर्यंत सगळे त्याला सासूबाई म्हणत. दुमजली धूड, गावभर माणसं पोटात घेणारं, आणि रुसायला कारण लागायचं नाही. आज ब्रेक तापला, उद्या तेलाचा दाब पडला, परवा कॉकपिटमध्ये कुठलासा दिवा पेटला. कंपनीनं असली विमानं मोठ्या हौसेनं घेतली होती. हौस फिटल्यावर बाकीची मिळेल त्याला विकून टाकली, ही एक उरली आणि या विमानतळाच्या गळ्यात पडली. रोज दुपारी सासूबाई मोठ्या शहराकडे निघायच्या. म्हणजे वेळापत्रकात निघायच्या. प्रत्यक्षात आठवड्यात दोनदा वेळेवर सुटल्या तरी लोक एकमेकांना टाळ्या द्यायचे.

एक टेक्निशियन बदलून आला, त्या दिवशीही सासूबाई रुसलेल्या होत्या. बिचाऱ्याला बॅग खाली ठेवायच्या आधी त्यांच्या पोटाखाली शिरावं लागलं. मग काय, त्याचं नाव पडलं जावईबापू. त्यानं सुरुवातीला नाक मुरडलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढेपुढे वॉकीटॉकीवर कुणी खरं नाव घेतलं तर तोच क्षणभर गोंधळायचा.

जावईबापू सरळ माणूस, जरा तिरसट. त्याच्या लेखी बिघाडाला कारण असतंच, ते सापडत नसेल तर शोधणारा आळशी. ही बदली त्यानं मागून घेतली होती. या मार्गावर कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना विमानात जागा मिळायची, आणि मोठ्या शहरात हृदयाच्या ऑपरेशनांचं इस्पितळ होतं. त्याच्या मुलीच्या हृदयाची एक झडप जन्मापासून अधू होती. तिला घरात मुंगी म्हणत, कारण पाळण्यात होती तेव्हापासून तिला एका जागी चैन नसे. आता आठ वर्षांची मुंगी अंगण ओलांडताना दोनदा बसायची. ओठ निळसर दिसायचे. जिना तर डॉक्टरांनी साफ बंद केला होता, म्हणून त्यांनी घरही तळमजल्यावर घेतलं होतं. ऑपरेशनची तारीख मिळायची होती, आणि ती कधी मिळते याकडे नवराबायकोचा जीव टांगणीला लागला होता.

सासूबाईंच्या बहुतेक दुखण्यांवर इलाज होता. भाग बदलला, तेल भरलं, दोन शिव्या हासडल्या की काम व्हायचं. एकच दुखणं असं होतं की त्यापुढे सगळ्यांनी हात टेकले होते. मागचं, डावीकडचं, चौथं दार. दार नीट बंद असायचं. खटके बसलेले, रबर जागच्या जागी. तरी कॉकपिटमध्ये दिवा पेटायचा, की दार उघडं आहे. आणि दिवा पेटलेला असताना कुठलाही कॅप्टन विमान हलवत नाही.

२

त्यावरचा उपाय जावईबापूनं पहिल्यांदा पाहिला तो मामांच्या हातून. मामा म्हणजे तिथले सगळ्यांत जुने मेकॅनिक, निवृत्तीला टेकलेले. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे त्यावर पुढे बोलायला काही उरायचं नाही.

चौथं दार जमिनीपासून चांगलं दोन मजले उंच. तिथे शिडी लावत नसत, त्यामुळे वर जायला हायलिफ्ट घ्यावी लागे, म्हणजे जेवणाच्या ट्रॉल्या दारापर्यंत उचलून नेणारा ट्रक. त्याचा वरचा फळा जुनाट होता. कुणी चढलं की बोटभर दबायचा, उतरलं की बोटभर वर यायचा. नवा माणूस पहिल्या दिवशी कठडा घट्ट धरायचा, मग सवय व्हायची.

दोघं वर गेले. मामांनी दार उघडलं. आत रिकामी केबिन, रिकाम्या खुर्च्या, प्रवासी अजून हॉलमध्येच. जावईबापूला वाटलं आता मामा खटके तपासतील, टॉर्च काढतील. मामांनी त्यातलं काहीएक केलं नाही. ते बाजूला सरकले, पाठ कठड्याला टेकवली, पोट आत ओढून घेतलं आणि स्वतःच्या बुटांकडे बघत उभे राहिले. वारा होता. खाली कुठेतरी सामानाची गाडी मागे येताना टीं टीं करत होती. मामा उभेच. मग त्यांनी श्वास सोडला, दार ओढून लावलं, आणि कॉकपिटमधून निरोप आला की दिवा विझला.

खाली आल्यावर जावईबापूनं विचारलं, की एवढा वेळ थांबायचं काय कारण. मामा म्हणाले, घाई केली तर दिवा विझत नाही एवढं मला ठाऊक आहे, कारणं शोधायचं वय गेलं माझं. जावईबापूनं मनातल्या मनात हिशेब जुळवला. सेन्सरवर ओल धरत असणार, वाऱ्यानं ती सुकते, म्हणून वेळ लागतो. अगदी पटण्यासारखं होतं. दुपारी डबा खाताना मात्र घास हातात तसाच राहिला. वारा लागावा म्हणून माणूस बाजूला सरकेल, हे ठीक. पण पोट कशाला आत ओढेल?

३

मग तो त्या दाराच्या हात धुऊन मागे लागला. सेन्सर बदलला. वायरिंग नवीन टाकलं. रबर बदललं, बिजागऱ्या साफ केल्या, कंपनीच्या मुख्य कार्यालयातल्या तज्ज्ञांना फोन करून करून वैताग आणला. काही दिवस दिवा पेटला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मामा नुसते हं म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दिवा पेटला. जावईबापू इरेला पेटला होता. ओल नाही, वायर नवी, म्हणजे थांबायचं कारणच नाही, असं म्हणत तो एकटा वर गेला आणि दार उघडलं की लगेच लावू लागला. उघड, लाव. उघड, लाव. दिवा तसाच. मामा खालून म्हणाले, जरा दम धरा. यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. असं करता करता वैमानिकांच्या कामाचे तास संपत आले. त्यांचे तास संपले की बदली वैमानिक लागतात, आणि ते या विमानतळावर नव्हते. उड्डाण रद्द झालं.

रद्द झाल्याची घोषणा झाली की त्या हॉलमध्ये आधी एकदम शांतता व्हायची. मग मुलं रडायला लागायची, मग मोठी माणसं ओरडायला लागायची, आणि काउंटरवरच्या पोरी खाली मान घालून कीबोर्ड बडवायच्या. जावईबापू तिथून पाय काढायच्या बेतात होता, तेवढ्यात एका बाईनं त्याचे ग्रीसचे कपडे पाहून त्याला थांबवलं. बाई ओरडली नाही. तिचा भाऊ गेला होता, तिची वाट बघत माणसं खोळंबली होती, आणि आता ती थांबणार नव्हती, हे तिनं साध्या आवाजात सांगितलं.

"दारच ना फक्त?" तिनं विचारलं.

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तो हो म्हणाला आणि खाली बघत निघून गेला. त्या बाईला आपल्या हट्टापायी भावाचं तोंड बघता आलं नाही, हे त्याला दिवसेंदिवस खात राहिलं. तेव्हापासून तो मामांसारखाच थांबायला लागला. दार उघडायचं, सरकायचं, पाठ कठड्याला. दिवा मुकाट्यानं विझायचा. हे काम आता मामांनी त्याच्यावरच सोपवलं. थांबताना आपण नेहमी मान दुसरीकडे वळवतो, हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. न वळवता एकदा बघू, असंही त्यानं ठरवलं होतं. दरवेळी ऐनवेळी काहीतरी निमित्त निघायचं.

४

त्या सुमारास कॅप्टन लोकांची नवी तक्रार सुरू झाली. सासूबाई शेपटीकडे जड लागतात. उठताना नाक आधीच वर जातं, इंधन जास्त पितात. साहेबांनी आधी थट्टेवारी नेलं, वय झालं की बाई जड व्हायचीच. पण तक्रारी वाढल्यावर विमान हँगरमध्ये घेऊन वजनकाट्यावर चढवलं. वजन खरंच वाढलेलं होतं, आणि सगळं मागच्या बाजूला.

त्यालाही कारण होतं. जुन्या विमानांच्या भिंतींत थंडी अडवायला गाद्या भरलेल्या असतात, त्या वर्षानुवर्षं बाष्प पितात, विमान जड होतं. सगळ्या जगात होतं. जावईबापूला हे ऐकून हायसं वाटलं. म्हणजे खरंच हायसं वाटलं, त्याला स्वतःचंच हसू आलं. त्यानं दोन पोरं हाताशी घेतली आणि मागच्या भागातल्या गाद्या उपसून काढल्या. एकेक पिळून बघितली. सगळ्या कोरड्या ठणठणीत होत्या.

पोरं जेवायला गेली. जावईबापू चौथ्या दाराजवळच्या शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर टेकला. त्या रांगेतल्या खिडकीकडच्या खुर्चीची पाठ मोडलेली होती, ती कधी विकत नसत, वर पिवळी पट्टी लावून ठेवली होती. बाहेर हँगरच्या पत्र्यावर ऊन तापून टकटक वाजत होतं. विमानाची वीज बंद. तो डोळे मिटून विचार करत होता, की कोरड्या गाद्यांचं साहेबांना काय सांगायचं.

डोळे उघडले तेव्हा त्याला दिसलं की आपण गुडघे आखडून घेतलेत. बसमध्ये शेजाऱ्याला खिडकीशी जायचं असलं की आपण घेतो, तसे, एका बाजूला वळवून. कधी घेतले ते आठवेना. पिवळी पट्टी जागच्या जागी होती. तो उठला नाही, कारण उठायचं म्हणजे पाय सरळ करायचे, आणि ते करायला काही केल्या धीर होईना. पोरं जेवून परत आली, त्यांच्या बोलण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तो उठला.

साहेबांना त्यानं सांगितलं की गाद्या ओल्या होत्या, बदलाव्या लागतील. आयुष्यात कामात कधी खोटं बोलला नव्हता. घरी बायकोनं विचारलं, अहो, चेहरा का असा उतरलाय, तर तिलाही ताकास तूर लागू दिली नाही.

५

आणि नेमकी तारीख आली. इस्पितळातून फोन आला, एक जागा रिकामी झाली आहे, अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत भरती व्हा, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. ही हुकली तर पुढची कधी ते सांगता येणार नाही. इथल्या डॉक्टरांनी जावईबापूला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या तारखेची वाट बघायची ताकद पोरीत आहे असं त्यांना वाटत नाही. रस्त्यानं डोंगर उतरून जायला दोन दिवस, आणि ती दगदग तिला झेपणारी नाही. जायचं तर विमानानं, आणि विमान एकच.

त्यानं हातात दोन दिवस राखून बायकोला आणि मुंगीला निघायला सांगितलं. पहिल्या दिवशी सासूबाईंच्या चाकातून तेल गळालं, उड्डाण रद्द. दुसऱ्या दिवशी वातानुकूलन बंद पडलं, लोकांना बसवून उतरवलं, संध्याकाळी रद्द. मुंगी दोन्ही दिवस हॉलमध्ये बाकावर आडवी होऊन येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट बघत होती. तक्रार नाही, काही नाही. बायकोनं मात्र दुसऱ्या संध्याकाळी त्याला धारेवर धरलं. तुम्ही तिथे कामाला आहात ना, मग करता तरी काय दिवसभर, असं ती म्हणाली आणि मग रडली. त्या हॉलमधल्या बाईचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

तिसरा दिवस शेवटचा. आज गेलं तरच उपयोग. तो पहाटेपासून सासूबाईंच्या अंगावर होता. ब्रेक, तेल, हवा, एकेक नट हातानं चाचपून पाहिला. सगळं लख्ख. प्रवासी चढायला लागले तेव्हा त्याला जरा श्वास आला. मग काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं की दोन दिवसांची माणसं तुंबलेली, विमान भरगच्च आहे, घरच्यांना मोठ्या मुश्किलीनं दोन जागा काढून दिल्या आहेत. अगदी मागे. खुर्च्यांमधल्या रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मुलीला ती पट्टी लावलेल्या खुर्चीशेजारची मिळाली आहे, मोकळं बसता येईल तिला.

जागा बदलून दे, म्हणून तो हातापाया पडला. पोरगी बुचकळ्यात पडली. तिनं कारण विचारलं. आणि तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी बोलला. जावईबापू, दिवा पेटलाय. चौथं दार.

६

हायलिफ्ट मामांनी चालवली. वर तो एकटाच गेला. फळा वर चढत असताना त्याला वॉकीटॉकीवर कॉकपिटमधून ऐकू येत होतं, की वैमानिकांचे तास आज कमीच आहेत, लवकर आटपा, नाहीतर गेलं आजचंही. आतून हवाईसुंदरीनं काचेतून अंगठा दाखवला. त्यानं दार उघडलं.

शेवटची रांग हाताच्या अंतरावर होती. रस्त्याच्या पलीकडे बायको, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. अलीकडच्या खुर्चीत मुंगी. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. बाप एकदम भिंतीतून उगवलेला पाहून ती खुदकन हसली आणि तिनं हात हलवला. त्यानंही हात हलवला. आणि तो तिथेच उभा राहिला, दारात, दोन्ही हात चौकटीला लावून. बाजूला सरकला नाही.

थोडा वेळ गेला. त्यानं दार लावलं. दिवा तसाच. पुन्हा उघडलं, पुन्हा उभा राहिला. मुंगीला गंमत वाटत होती. दार लावलं. दिवा तसाच. कॉकपिटमधला आवाज आता चिडला होता. आत लोक वळून वळून बघायला लागले, कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आज पण बोंबललं वाटतं. त्यानं तिसऱ्यांदा दार उघडलं.

"जावईबापू," खालून मामा म्हणाले. मोठ्यानं नाही. "वाटेत उभे आहात तुम्ही."

त्याला ते माहीत होतं. नीट माहीत होतं, आणि कधीपासून माहीत होतं हेही आता त्याला कळत होतं. दोघींना हाक मारून खाली घेता आलं असतं. मग मुंगी घरी आली असती, आणि मग काय झालं असतं ते डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलेलंच होतं. तिथेच पाय रोवून उभं राहिलं असतं तरी शेवट तोच. त्यानं स्वतःला समजावलं, की सेन्सर आहे, ओल आहे, आजवर एवढी उड्डाणं झाली, कुणाला काही झालं नाही. कुणाला काही झालं का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, तेवढं सोडून.

तो सरकला. पाठ कठड्याला टेकवली. पोट आत ओढलं. या खेपेला मान वळवायची नाही असं त्यानं ठरवलं, आणि वळवलीही नाही. दारात काही दिसलं नाही. पलीकडे मुंगीचा चेहरा, तिच्यामागे खिडकीतून येणारं दुपारचं ऊन.

पायाखालचा फळा बोटभर वर आला.

फळ्यावर तो एकटाच होता. तो हलला नव्हता. आणि मुंगीनं नजर वर केली, माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला करतो तेवढी, आणि आईनं शिकवल्याप्रमाणे गुमान गुडघे आखडून एका बाजूला घेतले. मांडीवरची पिशवीही उचलून छातीशी धरली. मग तिनं पाय पुन्हा सैल सोडले. खिडकीतलं ऊन आता तिच्या गालावर पडत नव्हतं.

"विझला," कॉकपिटमधून आवाज आला. "शाब्बास. लावा आता लवकर."

दार त्यालाच लावायचं होतं. बाहेरून ते दुसरं कुणी लावू शकत नव्हतं. मुंगीनं हात हलवला. त्यानं दार ओढलं, खटके बसल्याचे आवाज एकापाठोपाठ आले, आणि ते नेहमीसारखेच होते.

सासूबाई त्या दिवशी जवळपास वेळेवर उठल्या. हॉलमध्ये, काउंटरवर, सगळीकडे आनंदीआनंद झाला. साहेबांनी स्वतः येऊन हात हातात घेतला, म्हणाले, घरचं माणूस विमानात असलं की कसं काम होतं बघा. मामा हायलिफ्ट उभी करून आले आणि त्याच्या शेजारी बसून राहिले. त्यांचीही एक बहीण कधीकाळी याच विमानानं गेली होती, असं कुणीतरी एकदा म्हणालं होतं. आज त्यानं विचारलं नाही.

७

फोन संध्याकाळी आला. बायकोचा आवाज किती दिवसांनी हलका लागत होता. पोचलो, इस्पितळातच आहोत, सगळी माणसं चांगली आहेत, सहाव्या मजल्यावर खोली दिली आहे, आता वरच चाललोय. तो इथे तळमजल्यावरच्या घरात, दिवा न लावता, खिडकीपाशी फोन कानाला लावून उभा होता. मुंगीला त्रास झाला का, त्यानं विचारलं.

काही नाही, बायको म्हणाली. उलट चमत्कारच. एवढा मोठा विमानतळ, पण पोरगी कुठे बसली नाही की थांबली नाही. भराभर चालत होती, मलाच धाप लागली. फक्त एक खूळ घेतलंय. एक हात माझ्या हातात देते आणि दुसरा असा बाजूला धरून चालते, सरळ, दुखत कसा नाही कोण जाणे. टॅक्सीत पण खाली घेतला नाही. विचारलं तर बोलत नाही, हसते नुसती.

त्यानं खिडकीचा गज धरला. तिला दे फोन, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण पलीकडे बायको कुणाला तरी काहीतरी सांगत होती, चाकं सरकल्यासारखा आवाज झाला, एक घंटी वाजली. लिफ्ट आली होती.

पुन्हा घंटी वाजली. दार सरकल्याचा आवाज, आणि लगेच परत उघडल्याचा. मग पुन्हा तेच.

"अहो, गंमत बघा," बायको म्हणाली. "या लिफ्टचं दार मिटतच नाहीये. मिटत येतं आणि परत उघडतं."

"आत कोण कोण आहे?"

"कोण असणार? आम्ही दोघीच."

"तुम्ही बाहेर या. दोघी. आत्ता बाहेर या, जिन्यानं..." आणि तो थांबला.

"जिन्यानं?" बायको म्हणाली. "सहा मजले? अहो, वेड लागलं का तुम्हाला?"

घंटी वाजत होती. दार सरकत होतं, उघडत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी चिडून बटण बडवत असावं, दूरवर ठक ठक ऐकू येत होतं. दुसरी लिफ्ट बघ, असं तो म्हणाला. दुसरी बंद आहे म्हणे सकाळपासून, बायको म्हणाली, आणि वर नर्स थांबल्यात, सातच्या आत भरती नाही झाली तर जागा दुसऱ्याला देतात. तिच्या आवाजातला हलकेपणा जायला लागला होता. काय करू हो, सांगा ना, ती म्हणाली. मुंगी मागे कुठेतरी अगदी शांत होती.

"असं कर," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू येत नव्हता. "दोघी मागे कोपऱ्यात सरकून उभ्या राहा. भिंतीला टेकून. दाराकडची जागा मोकळी सोडा."

"त्यानं काय होणार?"

"राहा तर खरं."

चपला घासल्याचा आवाज आला. मग काही नाही. त्यानं डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही, अंधारात समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मग फोनमधून दार मिटल्याचा आवाज आला, एकदाच, पूर्ण. बायको हसली, म्हणाली, झालं बाई एकदाचं. पुढे ती काहीतरी बोलत होती, पण लिफ्टमध्ये रेंज जाते, तसा फोन तुटला.